वाचकांचे प्रश्न : डबलसीट गाडी आणि मागे बसणारा

दुचाकीविषयीचे प्रश्न आम्ही गेल्या अंकात मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय गाडी नसून गाडीवर मागे बसणारी व्यक्ती हा होता. घरात गाडी एक आणि जाणारे दोघे, ही कोल्हापुरातली रोजची स्थिती असल्यामुळे त्यात नवल नाही. नवल आहे ते याचे, की परवाना घेताना आपली परीक्षा एकट्याने आठचा आकडा काढण्याची होते आणि पुढे आयुष्यभर आपण चालवतो ती डबलसीट गाडी. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी आणि माझी पत्नी गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहोत आणि रोज एकाच मोटारसायकलवरून जातो. तिचे हेल्मेट सारखे माझ्या हेल्मेटवर आपटते, उतरल्यावर तिची कंबर दुखते आणि मी गाडी जोरात चालवतो असे तिचे म्हणणे आहे. मी पन्नासच्या वर कधीच जात नाही. मग तिला भीती कशाची वाटते? (एक वाचक, उचगाव)

उत्तर : तुमचा काटा पन्नासच्या खाली असतो हे मान्य केले तरी तक्रार तिचीच रास्त आहे. मागे बसणाऱ्या माणसाला वेगाचा त्रास फारसा होत नाही, वेग अचानक बदलण्याचा होतो. पुढे बसलेल्या तुमच्या हातात हँडल आहे, गुडघ्यांत टाकी आहे, समोरचा रस्ता दिसतो आहे, आणि ब्रेक दाबायचा निर्णय तुमचाच असल्यामुळे तुमचे शरीर त्याआधीच सावरलेले असते. तिच्यासमोर तुमची पाठ आहे. गाडी मंदावली हे तिला तिचे डोके पुढे गेल्यावर कळते.

हेल्मेट आपटते ते बहुधा गिअर बदलताना. एकट्याने चालवताना आपण ॲक्सिलरेटर एकदम सोडतो, क्लच दाबतो, गिअर टाकतो आणि क्लच पुन्हा पटकन सोडतो. एवढ्या अर्ध्या-पाऊण सेकंदात गाडी एकदा मागे ओढल्यासारखी होते आणि एकदा पुढे उसळते, पण हात हँडलवर असल्यामुळे आपल्या ते लक्षातही येत नाही. मागच्या माणसाची मान मात्र दोन्ही वेळा हलते. यावर उपाय असा, की ॲक्सिलरेटर सोडणे आणि क्लच दाबणे या दोन्ही गोष्टी एकाच लयीत कराव्यात, आणि क्लच सोडताना शेवटचा भाग हळू सोडत त्याबरोबर ॲक्सिलरेटर किंचित द्यावा. वरचा गिअर इंजिन ओरडू लागण्याआधीच टाकावा. खालचा गिअर टाकताना, विशेषतः तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना, आधी ब्रेकने वेग पुरेसा उतरवावा. इंजिनच्या ओढीने वेग उतरवण्याची सवय असेल तर डबलसीट असताना ती आवरती घ्यावी.

ब्रेकचेही तसेच आहे. पहिला दाब हलका, मग हवा तेवढा वाढता, आणि गाडी थांबण्याच्या अगदी शेवटच्या हातभर अंतरात दाब किंचित सैल, असा क्रम ठेवला तर थांबताना मागच्याचे अंग पुढे येत नाही. हा शेवटचा सैल दाब फार कमी लोक देतात. सिग्नलला गाडी थांबली की पुढचा शॉकअप खाली दबून पुन्हा वर उसळतो. तो न उसळता गाडी थांबली, तर ब्रेक बरोबर सुटला असे समजावे.

कंबरदुखीचे कारण वेगळे आहे. चालवणारा दोन चाकांच्या मधल्या भागात बसतो, तर मागचा जवळजवळ मागच्या चाकाच्या आसाच्या वर बसतो. त्यामुळे मागचे चाक जेवढे उडते, जवळजवळ तेवढा धक्का त्याच्या मणक्याला मिळतो. शिवाय पुढचे चाक स्पीडब्रेकरवर चढते तेव्हाच तुम्हाला सूचना मिळालेली असते, तिला ती मिळत नाही. म्हणून वेग स्पीडब्रेकरच्या आधी उतरवावा आणि चाक त्याला टेकण्यापूर्वी ब्रेक पूर्ण सोडावा. ब्रेक दाबलेलाच राहिला तर पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो, त्याच्याकडे धक्का पचवायला जागा उरत नाही आणि गाडी मागून उचलली जाते. खड्डा दिसला की तोंडाने सांगावे. ‘खड्डा आहे’ एवढे दोन शब्द पुरतात; ते ऐकून तिने पायटांवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) थोडा भार घेतला तर निम्मा धक्का पायच घेतात.

प्रश्न : माझ्याकडे शंभर सीसीची गाडी आहे. एकटा असताना ती उत्तम चालते, पण मित्र मागे बसला की हँडल हलके वाटते, वळणावर गाडी आळसटल्यासारखी वाटते आणि रात्री समोरून येणारे लोक डिपर मारतात. मेकॅनिक म्हणतो, गाडीत दोष नाही. (एक वाचक, शिरोली)

उत्तर : मेकॅनिकचे म्हणणे बरोबर आहे, गाडी एकट्यासाठी लावलेली आहे, एवढाच दोष आहे. शंभर सीसीच्या साध्या गाडीचे वजन एकशे दहा किलोच्या आतबाहेर असते. तिच्यावर साठ-सत्तर किलोचा माणूस मागे बसला, म्हणजे गाडीच्या निम्म्याहून जास्त वजन एकाच टोकाला वाढले. मागची बाजू खाली बसते, पुढचे चाक हलके होते, हँडलला पकड उरत नाही, आणि हेडलाइटचा झोत रस्त्यावरून उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. लोक डिपर मारतात ते त्यामुळे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप चालू राहतो, त्यामुळे तो बंद ठेवण्याचा प्रश्नच नाही. तो खाली आणणे मात्र आपल्या हातात आहे.

पहिली गोष्ट मागच्या टायरच्या हवेची. गाडीच्या चेनकव्हरवर किंवा मागच्या काट्यावर (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांवर) एक लहानसा स्टिकर असतो, आणि तो गेला असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत तीच माहिती असते. तेथे मागच्या टायरसाठी एकट्याचा आणि दोघांचा असे दोन आकडे वेगळे दिलेले असतात. बऱ्याच लहान गाड्यांत पुढे २५ पौंडांच्या आसपास, मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीटसाठी ३२ किंवा त्याहून जास्त असा हिशेब असतो; नेमका आकडा आपल्याच गाडीचा पाहावा. पेट्रोलपंपावरचा मुलगा विचारल्याशिवाय सगळ्यांना सारखीच हवा भरतो, तेव्हा आकडा आपण सांगावा, आणि हवा टायर थंड असताना, म्हणजे घरून निघाल्यावर लगेच भरावी.

दुसरी गोष्ट मागच्या शॉकअपची. शॉकअपच्या खालच्या बाजूला खाचा असलेले एक कडे असते. गाडीच्या टूलकिटमधला चंद्रकोरीसारखा वाकडा पाना त्या खाचेत अडकवून कडे फिरवले की स्प्रिंग एकेक टप्पा आवळली जाते. बहुतेक गाड्यांत असे पाच टप्पे असतात. हे काम पाच मिनिटांचे आहे, तरीही शोरूममधून आलेल्या गाडीचे ते कडे पुढची दहा वर्षे कोणी हलवत नाही. रोज डबलसीट जाणाऱ्याने ते एक-दोन टप्पे वर घ्यावे. दोन्ही बाजूंचा टप्पा सारखाच असला पाहिजे. एक बाजू कमी-जास्त राहिली तर गाडी एकीकडे ओढते. एवढे केल्यावर मागची बाजू वर येते आणि हेडलाइटचा झोतही बराचसा जागेवर येतो. तरी उरलेला फरक दिव्याच्या बाजूचा किंवा खालचा स्क्रू फिरवून काढता येतो. त्यासाठी रात्री मित्राला मागे बसवून गाडी भिंतीसमोर उभी करावी आणि झोत कोठे पडतो ते पाहावे.

चेनविषयी एक सूचना. मागे माणूस बसून शॉकअप दबला की बहुतेक गाड्यांत चेन आणखी ताणली जाते. त्यामुळे डबलसीट जायचे म्हणून चेन आवळून घेणे हे उलटे काम आहे. पुस्तिकेत सांगितलेला ढिलेपणा राहू द्यावा. फार ढिली असेल तर ॲक्सिलरेटर देता-सोडताना झटके बसतात, म्हणजे पुन्हा वरच्या पत्रातली तक्रार.

प्रश्न : आई सत्तरीची आहे. रविवारी जोतिबाला न्यायचा तिचा आग्रह असतो. ती पाचवारी साडीत एका बाजूला बसते. एसटीने जाऊ म्हटले तर ऐकत नाही. तिला गाडीवर न्यावे की नाही? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : न्यावे, पण एका बाजूला बसवून घाट चढू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन्हीकडे पाय टाकून बसलेला माणूस गुडघ्यांनी धरून राहू शकतो. एका बाजूला बसलेल्याला धरायला फक्त हात असतात, आणि म्हातारपणी हातातली पकडच आधी कमी होते. अचानक ब्रेक लागला तर तो पुढे न जाता तिरका, डाव्या अंगाने खाली घसरतो. शिवाय त्याचे पाय गाडीच्या रुंदीच्या बाहेर असतात. महाद्वार रोडच्या गर्दीत चालवणाऱ्याला स्वतःचे हँडल रिक्षाच्या शेजारून निघून गेल्याचे समाधान असते आणि मागे आईचा घोटा त्या रिक्षाला लागलेला असतो.

आपल्या भागातल्या वयस्कर बायकांना काष्ट्याची नऊवारी परकी नाही, आणि काष्टा घातलेली बाई गाडीवर दोन्हीकडे पाय टाकून सहज बसू शकते. आईला ते जमत असेल तर उत्तम. नसेल तर त्या दिवसापुरती सलवार घालायला तिची नात तिचे मन वळवू शकेल. दोन्हीपैकी काहीच शक्य नसेल, तर शहरातल्या शहरात, सपाट रस्त्यावर, तीसच्या आत जाण्यापुरतेच एका बाजूला बसणे ठेवावे. तेव्हाही डाव्या बाजूला एरवीपेक्षा हातभर जास्त जागा सोडावी.

कपड्यांची काळजी दोन्ही प्रकारांत सारखीच घ्यावी लागते. पदर कमरेला खोचून घ्यावा. ओढणी असेल तर दोन्ही टोके पुढे आणून गाठ मारावी. मागच्या चाकात किंवा चेनमध्ये कापड गुंतले तर ते क्षणात माणसाला खाली खेचते, आणि गळ्याभोवतीची ओढणी तर जिवावर बेतते. याचसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमाने मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही एवढा भाग झाकणारी जाळी, मागच्यासाठी पायट आणि धरायला पक्की मूठ या तीन गोष्टी गाडीबरोबर देणे कंपन्यांना बंधनकारक केले आहे. गाडी देखणी दिसावी म्हणून साडीगार्ड काढून माळ्यावर टाकणारे तरुण पुष्कळ आहेत. तुमच्या गाडीचे साडीगार्ड माळ्यावर असेल तर रविवारच्या आधी खाली काढावे.

बसता-उतरतानाची पद्धत आईबरोबर ठरवून घ्यावी. तुम्ही आधी बसावे, स्टँड वर घ्यावा, मागचे पायट उघडावेत, दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवावेत आणि पुढचा ब्रेक दाबून धरावा. त्यानंतर ‘आता बस’ म्हणावे. तिने डाव्या बाजूने यावे, तुमच्या खांद्यावर हात ठेवावा आणि पाय पलीकडे टाकावा. पाय वर जात नसेल तर गाडी फुटपाथच्या किंवा पायरीच्या कडेला लावावी, तेवढ्या उंचीने काम सोपे होते. उतरताना हाच क्रम उलटा. तुम्ही सांगेपर्यंत तिने उठायचे नाही, आणि गाडी उतारावर तोंड करून उभी करायची नाही. उजवीकडे सायलेन्सर असतो हे तिला पुन्हा पुन्हा सांगावे. पोटरी भाजलीच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावी. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये.

राहिला घाट. केर्लीहून वर चढताना दुसऱ्या गिअरचा संकोच करू नये. उतरताना तर तो गिअर सोडूच नये. गाडी न्यूट्रल करून, कधी कधी इंजिनही बंद करून, पेट्रोल वाचवत उतरणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांच्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, दोघांच्या वजनाने ड्रमब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक दाबला तरी धरत नाही. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. स्कूटरला ही सोय नसल्यामुळे ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी वेग थोडा वाढू द्यावा, मग दोन्ही ब्रेक ठामपणे दाबून उतरवावा आणि पुन्हा सोडावा; मध्ये एखाद्या ठिकाणी थांबून ब्रेक निवू द्यावेत. डोंगरावर गुलाल सांडलेला असतो आणि पावसाची एखादी सर आली की त्या रस्त्यावर चाक घसरते, तेव्हा देवळाजवळच्या चढावर वळताना ब्रेक नको.

प्रश्न : तुमच्या सदरात सगळ्या सूचना चालवणाऱ्याला असतात. मी माझ्या धाकट्या बहिणीच्या स्कूटरवर मागे बसते. मला भीती वाटते तेव्हा मी घट्ट आखडून बसते आणि वळणावर आपोआप विरुद्ध बाजूला झुकते. ती चिडते. मागच्याने करायचे तरी काय? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : तुमचा टोला आम्ही स्वीकारला. बहिणीच्या चिडण्यात मात्र तथ्य आहे. दुचाकी वळते ती झुकून. त्या झुकण्याच्या विरुद्ध तुम्ही झुकलात तर तेवढ्याच वळणासाठी तिला गाडी आणखी झुकवावी लागते, आणि गाडी का वळत नाही हे तिला समजत नाही, कारण तुम्ही तिला दिसत नाही. तुम्ही मुद्दाम आत झुकण्याचीही गरज नाही. वळण उजवीकडे असेल तर तिच्या उजव्या खांद्यावरून पुढे पाहा, डावीकडे असेल तर डाव्या खांद्यावरून. नजर त्या बाजूला गेली की शरीर जेवढे जायला हवे तेवढे आपोआप जाते, आणि रस्ता दिसू लागल्यामुळे भीतीही कमी होते. मागच्या माणसाची निम्मी भीती समोर पाठीशिवाय काहीच न दिसण्याची असते.

हात कोठे ठेवायचे याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यायला हवे. खांदे धरू नका. चालवणाऱ्याचे खांदे ओढले गेले की हँडल ओढले जाते. एक हात मागच्या मुठीवर आणि एक बहिणीच्या कमरेशी, ही जोडी उत्तम: गाडी पुढे उसळली तर कमरेवरचा हात तुम्हाला धरून ठेवतो आणि ब्रेक लागला तर मागची मूठ पुढे जाण्यापासून रोखते. गुडघे तिच्या मांड्यांना हलके टेकलेले असू द्या. ब्रेकच्या वेळी जोर हातांनी नव्हे तर गुडघ्यांनी आणि पायटांवरच्या तळपायांनी घ्यायचा. मधे जागा सोडून मागे रेलून बसणे सभ्यपणाचे वाटत असेल, पण त्याने वजन आणखी मागे जाते आणि पुढचे चाक आणखी हलके होते.

सिग्नलला पाय खाली टेकवू नका. गाडी सांभाळणे हे बहिणीचे काम आहे. तुमचा पाय मधेच जमिनीला लागला तर तिने धरलेला तोल बिघडतो, आणि गाडी निघाली तर पाय मागे राहतो. पर्स खांद्यावर सरकवायची असेल, पाय आखडला असेल, मागे वळून पाहायचे असेल, तर गाडी सरळ रस्त्यावर असताना आधी सांगून हला. संथ गतीत, म्हणजे बिंदू चौकासारख्या ठिकाणी गर्दीतून वाट काढताना, अजिबात हलू नका. तोल तेव्हाच सर्वांत नाजूक असतो. आणि पावसात मागे बसून छत्री उघडू नका. वाऱ्याने छत्री उलटली की ती धरायला दोन्ही हात जातात, आणि तेवढ्यात गाडीही वाऱ्याबरोबर हलते. रेनकोट घ्या.

भीती वाटली तर बोलायची खूण ठरवून घ्या. डाव्या खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब, इतके साधे असले तरी पुरे. ओरडून ‘अगंऽऽ’ म्हटले की चालवणारी मागे पाहते, आणि ते सर्वांत वाईट. दोन थापा मिळाल्यावर थांबायचेच, कारण विचारायचे ते थांबल्यावर, हे मात्र बहिणीने मान्य केले पाहिजे. तिला हे उत्तर वाचायला द्यावे.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांचा आहे. स्कूटरवर पुढे उभा राहतो, त्याला ते आवडते. पत्नी मागे बसते. हे चालते का? (एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : नाही. पुढे उभ्या मुलासमोर हँडलचा दांडा आणि आरसे असतात. जोराचा ब्रेक लागला की त्याचे तोंड तेथे आदळते आणि मागून तुमच्या शरीराचा भार त्याच्यावर येतो. चार वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम केला असून तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्ट्यांचा जाकीटवजा हार्नेस हवा, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाच्या डोक्याला नीट बसणारे हेल्मेट हवे, आणि मूल गाडीवर असताना वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जाता कामा नये. हार्नेस घेताना तो ३० किलोपर्यंतचा भार सोसणारा आहे हे पाहावे. मोठ्या माणसाचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणे म्हणजे त्याच्या मानेवर ओझे देणे. हा हार्नेस चालवणाऱ्याच्या खांद्यांत अडकवायचा असतो, म्हणजे मूल तुमच्या पाठीशी बसेल; पत्नीही मागे बसली तर मात्र ती ट्रिपलसीट होते.

प्रश्न : आम्ही मित्र पावसाळ्यात गगनबावड्याला दोन-दोघे गाड्यांवर जातो. काही वेगळी काळजी? (एक वाचक, रंकाळा परिसर)

उत्तर : प्रश्न एका ओळीत विचारला असला तरी उत्तर तेवढे नाही. डबलसीट गाडीचा ब्रेक एकट्याच्या सवयीने दाबला तर गाडी कमी मंदावते, कारण तोच दाब आता जास्त वजन थांबवतो आहे. म्हणून पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवायचे. ओल्या रस्त्यावर कोरड्या रस्त्यावर ठेवता त्याच्या दुप्पट तरी हवे. मागच्या चाकावर वजन असल्यामुळे डबलसीटला मागचा ब्रेक एरवीपेक्षा जास्त कामाला येतो आणि चाक सहज अडकत नाही. तरीही मुख्य काम पुढच्याच ब्रेकचे आहे आणि दोन्ही एकत्र वापरायचे आहेत. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोराच्या ब्रेकमध्येही चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची यंत्रणा सक्तीची आहे. तुमची गाडी त्याआधीची असेल तर ओल्यात पुढचा ब्रेक खेचू नका, हळूहळू आवळा.

पहिल्या पावसाच्या वेळी रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून जो राप तयार होतो तो भरपावसापेक्षा निसरडा असतो. पांढरे पट्टे, पुलांचे लोखंडी सांधे आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली चिखलाची रेघ यांवरून जाताना गाडी सरळ ठेवावी, ब्रेक नको, ॲक्सिलरेटर तसाच. वाटेतले कळे गाव सोडल्यावर पावसाचा जोर वाढतो, आणि मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आले तर परत फिरावे. वाहत्या पाण्याची खोली वरून कळत नाही, आणि दोघांच्या वजनाने गाडी स्थिर राहील हा समज खोटा आहे. पुढे करूळच्या घाटात धुके असते. तेथे थांबायचे असेल तर रस्त्यावर नको, पूर्ण बाजूला.

याच रस्त्यांवर ऊस हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून पुढे मार्च-एप्रिलपर्यंत, धोका बदलतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात मागे दिवा नसताना चाललेला असतो, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस चालवणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर असतो. चालवणारा वाकून चुकवतो, मागच्याला तो दिसलेलाच नसतो. ओव्हरटेक करताना डबलसीट गाडीला वेग धरायला जास्त वेळ लागतो. एकट्याने सहज निघाली असती ती गाडी दोन ट्रॉल्यांच्या बाजूला अडकून राहते. पुढचा रस्ता मोकळा दिसल्याशिवाय बाहेर काढू नका आणि काढण्यापूर्वी एक गिअर खाली घ्या.

पायांत काय आहे हेही पाहावे. कोल्हापुरी चप्पल आमचा अभिमान आहे, पण तिचा चामडी तळ ओल्या पायटावर घसरतो आणि गिअरच्या दांड्याखाली अंगठा उघडा राहतो. ती पिशवीत न्यावी, वर पोहोचल्यावर घालावी.

प्रश्न : मागच्याला हेल्मेट खरेच सक्तीचे आहे का? आणि अपघात झाला तर माझ्या विम्यातून मागच्याला भरपाई मिळते का? (एक वाचक, कागल)

उत्तर : मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला, चालवणारा असो वा मागे बसणारा, भारतीय मानकाप्रमाणे बनवलेले हेल्मेट सक्तीचे आहे, त्यावर आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक असतो. पट्टा लावलेला नसेल तर हेल्मेट घातले असे कायदाही मानत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात यासाठी एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आहे, आणि ट्रिपलसीटसाठीही तेवढीच.

विम्याचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून तुमचे आभार. केवळ कायद्याने सक्तीचा, म्हणजे थर्डपार्टी विमा असेल तर मोफत मागे बसलेल्या व्यक्तीसाठी विमा कंपनी जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणजे भरपाईचा बोजा गाडीमालकावर पडू शकतो. सर्वसमावेशक, म्हणजे पॅकेज पॉलिसीत मागच्याची जबाबदारी येते. पॉलिसीसोबतचे पंधरा लाखांचे सक्तीचे अपघात संरक्षण हे मालक-चालकासाठी असते. मागच्यासाठी तसे संरक्षण थोडा जादा हप्ता भरून वेगळे घेता येते. नूतनीकरणाच्या वेळी फोनवर ‘करून टाका’ म्हणण्यापूर्वी पॉलिसीच्या पहिल्या पानावर कोणता प्रकार लिहिला आहे तेवढे वाचावे.

प्रश्न : दुकानातला माल मागे बसलेल्या मुलाच्या मांडीवर ठेवून नेतो. गुळाची ढेप, कधी तेलाचा डबा. चुकते का? (एक वाचक, लक्ष्मीपुरी)

उत्तर : चुकते. ज्याच्या दोन्ही हातांत डबा आहे त्याने स्वतःला कशाने धरायचे? शिवाय गाडीच्या पुस्तिकेत माणसे आणि सामान मिळून किती भार चालतो तो आकडा दिलेला असतो. लहान गाड्यांत तो बहुधा १३० ते १५० किलोच्या घरात असतो, आणि दोन धष्टपुष्ट माणसांतच तो संपतो. माल न्यायचा असेल तर एकट्याने, मागच्या सीटवर रबरी दोरीने आवळून न्यावा, आणि मुलाला चालत पाठवावे; लक्ष्मीपुरीतून बाजारात चालत जायला गाडीपेक्षा जास्त वेळ लागत नाही.